निष्ठा, निर्मिती आणि माहुलची हवा

दलित साहित्याविषयी कुठेही बोला, एक प्रश्न हमखास येतो. लेखकाची वैयक्तिक श्रद्धा त्याच्या निर्मितीला बळ देते, की तिला बांधून टाकते? विचारणारा बहुधा सभ्य असतो आणि आपल्या साहित्याबद्दल त्याला आस्थाही असते. पण प्रश्नाच्या पोटातच उत्तर ठेवलेले असते: श्रद्धा ही घरात ठेवायची चीज, कलाकृतीत ती डोकावली की प्रचार झाला. तुकोबांच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारीत नाही. विठ्ठलावरील निष्ठा वजा करून अभंग वाचा, असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. बाबासाहेबांवरील निष्ठा कवितेत आली की मात्र समीक्षकाच्या कपाळाला आठी पडते.

हा दुटप्पीपणा आपण पुष्कळदा उघडा केला आहे आणि तो उघडा करणे आवश्यकच होते. परंतु तेवढ्याने आपले काम संपले असे मानले, की आपल्याही घरात एक सोय तयार होते. निष्ठा शुद्ध असली की कविता आपोआप खरी होते, ही ती सोय. जयंतीच्या कविसंमेलनात सूर्य, ज्वालामुखी, वणवा आणि मशाल यांच्या रांगा लागतात. लिहिणाऱ्याच्या निष्ठेबद्दल शंका नसते, तरी ऐकून घरी जाताना त्याने पाहिलेली एकही गोष्ट आपल्या हाती लागलेली नसते. प्रस्थापित समीक्षक श्रद्धेला कवितेबाहेर उभी करतो. आपण तिला कवितेत बोलावतो खरे, पण तिच्याकडून काम करून घेत नाही.

माझे म्हणणे असे आहे की निष्ठा लेखकाला नजर देते, शब्द देत नाही. शब्द त्याला तो ज्या जागी उभा आहे तिथेच शोधावे लागतात. आणि ती जागा आपल्या विचाराने अद्याप नाव न दिलेली असेल, तर तिथेच त्याच्या निष्ठेची खरी परीक्षा असते. हे म्हणणे मी हवेत सोडू इच्छित नाही. म्हणून हवेबद्दलच बोलतो. मुंबईच्या पूर्व उपनगरांच्या टोकाला, चेंबूरच्या पलीकडे खाडीला लागून असलेल्या माहुलच्या हवेबद्दल.

१

माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, १९५४-५५ च्या सुमारास, इथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. एक स्टॅनव्हॅकचा, दुसरा बर्मा-शेलचा. सत्तरच्या दशकात दोन्ही सरकारी मालकीचे झाले आणि आज त्यांना हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी आपण ओळखतो. आसपास वीजकेंद्र आले, खतकारखाना आला, रसायनांच्या टाक्या आल्या. खाडी कोळ्यांच्या हातून हळूहळू निसटत गेली. थंडीत याच खाडीवर रोहित पक्षी उतरतात आणि त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येतात. काठावरच्या माणसांची छायाचित्रे यायला मात्र त्यांना न्यायालयात जावे लागले.

२०१३ साली केईएम रुग्णालयाने या भागात पाहणी केली. तपासलेल्यांपैकी ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत होती. माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. १८ डिसेंबर २०१५ च्या निकालात लवादाने इथल्या हवेतील रसायनांचा आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. म्हणजे ही हवा कशी आहे हे सरकारी कागदावर लिहिले गेले होते, त्यावर निकालाची मोहोर होती.

तरीही २०१७ पासून मुंबईतील हजारो कुटुंबे इथेच आणून टाकली गेली. खासगी बिल्डरने प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या बहात्तर इमारती इथे उभ्या होत्या. सात मजल्यांच्या, एकमेकींना खेटून, दोन इमारतींत उन्हालाही अंग चोरून यावे लागेल इतके अंतर ठेवून. प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचे. माणसे कुठून आणली? तानसा जलवाहिनीच्या कडेने. शहराला पाणी पुरविणारी ही वाहिनी मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार अशी उपनगरांच्या पोटातून जाते. तिच्या दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटरचा पट्टा मोकळा करण्याचा न्यायालयाचा आदेश होता. शहराचे पाणी सुरक्षित राहावे म्हणून वस्त्या हलल्या, आणि ज्यांना हलविले त्यांच्या वाट्याला ही हवा आली.

लोक गप्प बसले नाहीत. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस अनेक कुटुंबे माहुल सोडून विद्याविहारला जलवाहिनीजवळच्या फुटपाथवर येऊन राहिली. डोक्यावर पक्के छप्पर असलेली माणसे छप्पर सोडून फुटपाथवर आली, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्या. निकालानंतरही पुष्कळ कुटुंबे तिथेच राहिली, हजारो घरे रिकामी पडली. २०२५ मध्ये महानगरपालिकेने त्यांतली नऊ हजारांवर घरे आपल्याच तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १२ लाख ६० हजारांना विकायला काढली. फारसे कुणी पुढे आले नाही. शहर झाडणारा, गटार उपसणारा, कचरा वाहणारा कामगार याच श्रेणींत मोडतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

२

आता साहित्याकडे येतो. ही हकीकत ऐकून कुणी म्हणेल, हा प्रदूषणाचा प्रश्न आहे, त्यासाठी तज्ज्ञ आहेत, वकील आहेत. कविता-कथेचा इथे काय संबंध? या माणसाला मी अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा वाचायला देईन.

अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. शाळा त्यांनी दीड दिवसाची केली, असे सांगतात. त्यांच्या या कथेतला भीमा गाव सोडून मुंबईच्या उपनगरात येतो आणि दगडाच्या खाणीवर कामाला लागतो. अंगात हत्तीचे बळ. खाण बंद पडते. उपासमार समोर दिसू लागते. एके दिवशी मढ्याच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि तिथून तो राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. बायको भुताला भिते. हा भीत नाही. खरी भुते स्मशानात नसतात, शहरात असतात, अशी त्याची समजूत झालेली असते. शेवटी एका प्रेताच्या तोंडात सोने शोधताना जबड्यात त्याची बोटे अडकतात. ती कापावी लागतात. आणि बोटे गेल्यावर बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली.

या कथेवर भयानकतेची कथा म्हणून पुष्कळ बोलले जाते. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. भीमाला जे जे मिळते त्याच्या बदल्यात काहीतरी जाते. खाणीने भाकर दिली आणि ताकद घेतली. स्मशानाने सोने दिले आणि बोटे घेतली. काम परत आले तेव्हा काम करणारा हात उरला नव्हता. हा व्यवहार कुणी एक खलपुरुष करीत नाही. खाणीचा मालक कथेत फिरकतही नाही.

आणि श्रद्धेचे काय? अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते. अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले आणि १९५९ साली आलेली 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. एवढ्या ठाम निष्ठांचा हा लेखक या कथेत एकही घोषणा देत नाही. वर्गाचे नाव नाही, जातीचा जाहीरनामा नाही. पण खाण केव्हा बंद पडते आणि केव्हा सुरू होते हे ज्या क्रमाने त्यांनी ठेवले आहे, तो क्रम ज्याची निष्ठा पक्की आहे तोच ठेवू शकतो. बिननिष्ठेचा लेखक भीमाच्या लोभावर कथा संपवून मोकळा झाला असता.

आणखी एक गोष्ट पाहा. भीमाची नास्तिकता पुस्तकातून आलेली नाही, ती पोटातून आली आहे. म्हणून जबडा बोटांवर मिटतो तेव्हा भुताचे भय त्यालाही चाटून जाते. अण्णाभाऊंना आपला नायक बुद्धिप्रामाण्यवादी म्हणून मिरवता आला असता. त्यांनी तसे केले नाही. माणसाचा विश्वास कुठे बसतो आणि कुठे डळमळतो हे त्यांनी आपल्या मतांची सोय न पाहता लिहिले. निर्मितीत श्रद्धेने करायचे काम ते हे.

अण्णाभाऊ मार्क्सचे की आंबेडकरांचे, यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो. पुढे शाहीर विलास घोगरे यांच्याबाबत हेच झाले. डाव्या चळवळीत गाणारा हा शाहीर मुलुंडच्या वस्तीत राहत होता. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. ते पाहून आलेल्या घोगरे यांनी १५ जुलैला स्वतःचे जीवन संपविले. त्यांच्या डोक्याला निळे कापड बांधलेले होते. त्यानंतर त्यांचा खरा रंग कोणता याची चर्चा सुरू झाली. ज्या गाण्यांनी ते वस्त्यांमधून फिरले त्या गाण्यांची चर्चा त्यामानाने कमी झाली. लेखक कोणत्या खात्यात जमा करायचा एवढाच प्रश्न उरला, की त्याने काय पाहिले हा प्रश्न मागे पडतो.

३

माहुलकडे पाहण्यासाठी आपल्याजवळ कोणते शब्द आहेत? आपले साहित्य गावकुसाबाहेर जन्मले. महारवाडा, मांगवाडा, पाणवठा, उकिरडा हे त्याचे पहिले शब्द. मुंबईत ते आले आणि त्यात झोपडी, गटार, फुटपाथ, कामाठीपुरा दाखल झाले. 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९), 'गोलपिठा' (१९७२), 'बलुतं' (१९७८) या पुस्तकांनी मराठी भाषेला जी माणसे दाखविली ती तिने आधी पाहिलीच नव्हती. ज्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच, त्या घरातून आलेल्या माझ्यासारख्याला ही पुस्तके वाचून प्रथम कळले की आपल्या गल्लीबद्दलही मराठीत लिहिता येते. ते ऋण मोठे आहे.

पण हे सारे शब्द अभावाचे आहेत. घर नाही, पाणी नाही, भाकर नाही. माहुलला घर आहे. दाराला कडी आहे, भिंत पक्की आहे, मोरीत नळ आहे, जिन्यात दिवा आहे. पावसात छप्पर गळत नाही. आपल्या आजोबांनी ज्याची आस धरली ते सगळे तिथे कागदावर मोजून दिलेले आहे. फक्त खिडकी उघडायची सोय नाही. जे दिले त्याच्याच हाताने जे काढून घेतले, त्याला आपल्या भाषेत अजून शब्द नाही. त्यामुळे त्या जागेवर कुणी कविता लिहायला बसला की तो पुन्हा झोपडीचेच शब्द वापरतो आणि माहुल निसटते.

माझ्या वर्गातील एका मुलीचे लेखन मला आठवते. तिचे कुटुंब जलवाहिनीवरून माहुलला गेलेले. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात तिने कविता दिली होती. तीत अंधाराचा डोंगर होता, क्रांतीचा सूर्य होता आणि शेवटी निळे आकाश होते. कविता वाचल्यावर टाळ्या पडल्या. त्याच सुमारास अंतर्गत परीक्षेत तिने 'माझे घर' या विषयावर निबंध लिहिला. त्यात तिने लिहिले होते की रात्री वास आला की आई कुणालाही न विचारता उठते, खिडकी लावते, ओले फडके फटीत खुपसते आणि मग पंखा लावायचा की नाही यावर वडिलांशी तिचा वाद होतो. कारण पंखा लावला तर वास फिरतो, नाही लावला तर धाकट्याला घाम येतो. निबंधात शेवटी तिने घर मिळाल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते, जसे निबंधात करायचे असते.

कवितेत तिची निष्ठा होती आणि निबंधात तिचे जगणे. दोन्ही एकाच वहीत, पण एकमेकांना न भेटलेले. ते फडके कवितेत का आले नाही? कारण आम्ही शिक्षकांनी, संपादकांनी, संमेलनांनी तिला कधी सांगितलेच नाही की फडके हा कवितेचा विषय आहे. कवितेचा विषय सूर्य, हेच ती ऐकत आली होती. दोष तिचा नाही. जी परंपरा नकारातून जन्मली तिने आपल्याच प्रतिमांना नकार द्यायला शिकविले नाही, तर तिच्या लेकी आपले खरे लेखन परीक्षेच्या निबंधात टाकून येतील.

इथे आणखी एक आक्षेप येईल. माहुलमध्ये फक्त दलित राहत नाहीत. तिथे मुसलमान आहेत, उत्तरेकडून आलेले मजूर आहेत, मराठा-कुणब्यांची घरे आहेत आणि शेजारी गावात मूळचे कोळी आहेत. मग ही दलित साहित्याची भूमी कशी? उत्तर पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यातच आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध यांच्याबरोबरच कामगार, भूमिहीन, स्त्रिया, आणि जे जे राजकीय, आर्थिक व धर्माच्या नावाने पिळले जातात त्या सर्वांना त्याने दलित म्हटले होते. ही व्याख्या आपण भाषणात वापरली, कथेत फारशी वापरली नाही. एकाच जिन्यातील सात मजल्यांवर ती व्याख्या प्रत्यक्ष राहते आहे. हवा जात विचारून छातीत शिरत नाही हे खरे. पण त्या हवेत कुणाला राहायला पाठवायचे हे ठरविताना जात आणि पैसा दोन्ही विचारले जातात.

४

आता वैयक्तिक श्रद्धेविषयी थोडे स्पष्ट बोलतो. मी बौद्ध आहे. आमच्याकडे दुःखाचा उपदेश दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एक तऱ्हा अशी: दुःखाचे मूळ तृष्णेत आहे, मन आवर, म्हणजे दुःख संपेल. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच चार आर्यसत्यांच्या या मांडणीविषयी शंका उपस्थित केली आहे. जन्म-जरा-मरण हेच दुःख असेल तर माणसाला आशा कशी उरणार, असा त्यांचा रोख होता. माणूस माणसाला जे दुःख देतो त्याकडे त्यांनी धम्माचे तोंड वळविले. ही दुसरी तऱ्हा.

माहुलमध्ये या दोन तऱ्हांतला फरक कळतो. पहिली तऱ्हा सांगेल, चांगल्या हवेची तृष्णा सोड. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारले तर तोही म्हणेल, नशिबात होते. नशीब आणि तृष्णा, दोन्ही शब्द कारखान्याच्या फाटकापर्यंत जात नाहीत, महापालिकेच्या टेबलापर्यंत तर नाहीतच. दुसरी तऱ्हा मात्र विचारते: २०१५ चा निकाल समोर असताना २०१७ मध्ये माणसे इथे कुणी पाठविली? श्वासावर लक्ष ठेवण्याची साधना धम्मात आहे आणि तिचा मला आदर आहे. पण श्वासावर लक्ष ठेवायचे तर तो आधी नीट घेता आला पाहिजे.

म्हणून श्रद्धा ही खासगी बाब आहे, हे मला मान्य होत नाही. माझी श्रद्धा मला दुःखाचे कारण शोधायला लावते. कारण शोधायला निघालो की मी माझ्या खोलीबाहेर पडतोच. १९२७ साली २० मार्चला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून नव्हे. पाण्यावरचा हक्क हा माणूसपणाचा हक्क आहे हे सांगायला गेले. त्या दिवसापूर्वी पाणी हा आपल्याकडे शिवाशिवीचा विषय होता. त्या दिवसानंतर तो समतेचा विषय झाला. एका जुन्या गोष्टीला त्यांनी नवे नाव दिले. हवेबाबत हे काम व्हायचे आहे. तळ्याला पायऱ्या असतात, तिथे मोर्चा नेता येतो. हवेला काठ नाही, तिच्यापाशी जाऊन ओंजळ भरता येत नाही. आंदोलनाच्या दृष्टीने ही अडचण आहे. लेखकाच्या दृष्टीने इथूनच काम सुरू होते, कारण जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखविणे हाच त्याचा व्यवसाय.

५

तात्पर्य, तरुण लेखकांकडून आपण काय मागावे? निष्ठा कमी करा, असे मी म्हणणार नाही. ज्यांना आपली निष्ठा खटकते त्यांच्या समाधानासाठी एक ओळही बदलण्याची गरज नाही. मी एवढेच मागेन की निष्ठेला घोषणेच्या व्यासपीठावरून उतरवून जिन्यातून वर न्या. सातव्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना पाण्याचा हंडा कोण चढवतो? दम लागलेली बाई कितव्या मजल्यावर थांबते? खाडीवर जाळे टाकणारा कोळी आणि वरच्या खिडकीतून त्याच्याकडे पाहणारा विस्थापित एकमेकांना काय समजतात? कोळ्याला वाटत असेल, हे आले आणि गर्दी झाली. विस्थापिताला वाटत असेल, याचे निदान स्वतःचे गाव तरी आहे. हे दोघे एकाच हवेचे वाटेकरी आहेत हे त्यांना परस्परांच्या तोंडून कळेल अशी कथा अजून लिहायची आहे.

समीक्षकांनीही आपली फूटपट्टी बदलली पाहिजे. विद्रोह किती तीव्र आहे हे मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्याऐवजी या कवितेने मला असे काय दाखविले जे मला आणि माझ्या चळवळीला ठाऊक नव्हते, असे विचारून पाहावे. या कसोटीवर भीमाची कथा आजही उभी राहते. आपल्या अनेक गाजलेल्या कविता उभ्या राहत नाहीत, हे मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही. त्याने चळवळ दुबळी होत नाही. ज्या चळवळीला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो तिला धोका अधिक असतो.

माहुलमधील रिकाम्या घरांना आज गिऱ्हाईक मिळत नाही. उद्या दर उतरतील, कर्जाच्या सवलती येतील, आणि दुसऱ्या कुणा गरजवंताला तिथे जावे लागेल. त्याच्या हातात किल्ली पडेल तेव्हा त्या घराची खरी माहिती त्याला कुणी द्यायची? निकालपत्रे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचली तरी त्यांची भाषा त्याची नसते. ती माहिती त्याच्या भाषेत, त्या ओल्या फडक्यासकट लिहून ठेवण्याचे काम ज्यांना लिहिता येते त्यांच्यावर आहे, आणि आपल्या वस्त्यांमधून आता लिहिता येणारी पुष्कळ मुले-मुली बाहेर पडली आहेत.